मागच्या खिडक्या

नागपूरहून वर्ध्याला येणाऱ्या बसमध्ये एक बाई माझ्या शेजारी बसली आणि साडीच्या काठाला चिकटलेली कुसळं काढू लागली.

"वावरातून आलात का?" मी सहज विचारलं.

"नाई बाप्पा. पोरासाठी व्यसनमुक्ती केंद्र पाहून राह्यली."

यवतमाळ, अमरावती, नागपूर, सगळीकडे ती हिंडली होती. इतर रुग्णांचे नातेवाईक ऑफिसात बसून चकचकीत खोल्यांचे फोटो पाहतात. ही आधी इमारतीच्या मागच्या गवतात शिरायची आणि खिडक्यांखाली काय पडलंय ते बघायची. नवऱ्याला वर्ध्याजवळच्या एका केंद्रात ठेवलं, तेव्हा तिनं फक्त पुढची बाजू पाहिली होती.

"मांगच्या खिडकीतून बाटल्या येत होत्या. पिऊन पिऊन तिथंच मेला तो."

"आपल्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी आहे," मी म्हणालो आणि माझं मलाच हसू आलं.

ती हसली नाही. "म्हणूनच तं खिडकीतून येते."

"मग पोरासाठी कोणतं ठरवलं?"

तिनं शेवटचं कुसळ बसच्या बाहेर टाकलं आणि काठ नीट केला.

"जिथं सगळ्यात कमी बाटल्या होत्या, ते."