परुळेकर काकांची बाग कोणी मोडली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्यापासून मी काही लपवत नाही, असं मात्र तिला बऱ्याचदा सांगितलंय — म्हणजे तेही खोटंच झालं, नाही का?

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर परुळेकर काका राहायचे. मूळचे मालवणकडचे, रिटायर झालेले. एका माणसाला छंद तरी किती असावेत? लोकांची बंद घड्याळं चालू करून द्यायचे. दिवाळीला अख्ख्या बिल्डिंगचे कंदील त्यांच्या हातचे. साठीनंतर बासरी शिकायला घेतली, ती काही जमली नाही. "काका, त्यापेक्षा कुकरची शिट्टी सुरात असते," आम्ही चिडवायचो. "हळूहळू जमात रे," ते म्हणायचे. माझ्या मुलीला शनीची कडी त्यांनीच दाखवली, गच्चीवर, स्वतः जुळवलेल्या दुर्बिणीतून. आणि त्याच गच्चीवर त्यांची बाग होती. गवती चहा, ओवा, मोगरा — ज्याला हवं त्यानं खुशाल तोडून न्यावं.

बागेपाशी यायचंच होतं. इतका वेळ टाळत होतो, एवढंच.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गच्चीच्या स्लॅबला कोणी ड्रिल लावायचं नाही, हा नियम माझा. त्यावरून एकदोघांना चारचौघांत झापलंही होतं. आणि एका दुपारी, वर कोणी नाही असं बघून, माझ्या टीव्हीची डिश मी तिथेच ठोकून घेतली. बोल्ट दिसू नयेत म्हणून काकांच्या कुंड्यांच्या आड.

पावसाळ्यात गच्चीखालच्या डिसिल्वा आंटींची बेडरूम गळायला लागली. पलंगावर बादली ठेवून त्या हॉलमध्ये झोपायच्या. मी वर जाऊन पाहिलं. बोल्टभोवती पाणी जिरत होतं. मला कळलं. नाही — कळलं असेल, असं नाही. स्वच्छ कळलं.

मीटिंगमध्ये सगळ्यांची बोटं कुंड्यांकडे. एकट्या आंटी म्हणाल्या, "परुळेकर, तुमच्या झाडांनी नाय व्हायचं असं." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू वर जाऊन बघितलंस ना? तुला काय वाटतं, सांग."

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. फार तर लोक हसले असते माझ्यावर. मी म्हणालो, "काका, रोज पाणी घालता तुम्ही. मुरणारच ना."

त्यांनी वाद घातला नाही. कुंड्या वाटून टाकल्या. त्याच्या आदल्या रात्रीच मी गुपचूप डिश कठड्याला हलवून भोकं बुजवली होती, आणि गच्ची रिकामी झाल्यावर सोसायटीतर्फे वॉटरप्रूफिंग करून घेतलं. गळती थांबली. मग कोणाला शंका उरणार? काकांनाही उरली नाही.

आंटींच्या छताला रंग त्यांनी स्वतः लावला. "पेंटर कशाला? ह्यो एक छंद ऱ्हवलो होतो," म्हणाले. स्टूल धरायला मला बोलावलं. ब्रश फिरवता फिरवता ते आंटींची परत परत माफी मागत होते, आणि मधेच खाली वाकून मला म्हणत होते, "डोळे सांभाळ रे, चुना उडात."

मी डोळे सांभाळले.

त्यानंतर ते गच्चीवर फारसे गेले नाहीत. दुर्बीणही कोणाला तरी देऊन टाकली. मुलीनं कारण विचारलं, तर म्हणाले, "आपल्या हौशीपायी दुसऱ्याचं घर गळता कामा नये, बाळा." मी शेजारीच उभा होतो.

गेल्या वर्षी काका गेले. खाली पार्किंगमध्ये शोकसभा झाली आणि बोलायला मलाच उभं केलं. घड्याळं, कंदील, बासरी — सगळं सांगितलं. तिथे थांबायला हवं होतं. पण मी बागेचंही सांगितलं. शेजाऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःची बाग मोडणारा माणूस, असं म्हणालो. माझा आवाज भरून आला होता, आणि ते नाटक नव्हतं — याचं काय करायचं, मला कळत नाही.

लोकांनी डोळे पुसले. काकू उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात जोडले. "ह्यांचा मोठेपणा तूच ओळखलास," म्हणाल्या.

मी तो नमस्कार घेतला.