झाकून ठेवलेलं ताट

उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर मी कुक होतो. घर चंदगड तालुक्यात, शाळा आठवीत सुटलेली. फौजेनं हाताला काम दिलं, त्याचे उपकार मी आजही मानतो.

उंचीवर माणसाची भूक मरते. टिनमधलं जेवण बघून जवान तोंड फिरवायचे. म्हणून मी ऑफिसर्स मेसमध्ये शिकलेला मॅश बटाटा करायचो. उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण बटाटा शिजत नाही; कुकरच लागतो. बटाटा वाफेतच कुस्करायचा. पावडरचं दूध गरम करूनच घालायचं, मग लोणी. दूध गार असलं की गुठळ्या. जास्त घोटलं की चिकट.

लालबागचा नाईक सुहास राऊळ म्हणायचा, "मामा, हे आजारी माणसाचं जेवण." मग आईनं पाठवलेल्या मालवणी मसाल्याची पुडी खिशातून काढायचा, चिमूटभर वर टाकायचा आणि दोनदा मागून घ्यायचा.

त्या दिवशी सकाळी लिंक पेट्रोल, म्हणजे शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त, निघालं. जाताना राऊळ म्हणाला, "मामा, माझं ठेव. येऊन खातो." मी ताट झाकलं, वर स्लीपिंग बॅग टाकली. दुपारी कड्याकडून बर्फ कोसळल्याचा आवाज आला. रेडिओवर ऑपरेटर बोलत राहिला.

"लिंक, पोस्ट बोलतेय. ओव्हर."

उत्तर नाही. पुन्हा तेच. मी दारात जायचो, परत यायचो, ताटाला हात लावून बघायचो. बाकीचे बर्फातून जिवंत निघाले. राऊळ दुसऱ्या दिवशी सापडला.

रिटायर झाल्यावर परळच्या एका कँटीनमध्ये काम मिळालं. मुंबईत ओळखीचं कुणी नव्हतं. राऊळच्या आईनं, काकींनी, लालबागच्या चाळीतल्या खोलीचा पोटमाळा मला दिला. किती दिवस राहणार, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

यंदा पितृपक्षातल्या चतुर्दशीला, अपघातात गेलेल्यांच्या तिथीला, आम्ही गच्चीवर राऊळचं पान ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. कावळे पाण्याच्या टाकीवर बसले. पानाकडे एकही फिरकेना. कावळा शिवल्याशिवाय काकी जेवत नाहीत. पण सकाळचं इन्सुलिन त्यांनी सवयीनं घेतलं होतं. ऊन डोक्यावर आलं तशी साखर उतरली आणि त्यांच्या हातांना कंप सुटला. त्यांची मुलगी सुनीता साखरेचं पाणी घेऊन उभी होती. त्या तोंड लावेनात. मला बसवेना. कठड्यापर्यंत जायचो, परत यायचो.

शेवटी खाली उतरलो आणि कुकर लावला. चटके बसत होते तरी बटाटे सोलले, गरम दूध आणि लोणी घालून घोटले, वर नेऊन पानावर वाढले.

"ह्यां काय?" काकींनी विचारलं.

"सुहास पोस्टवर हेच खायचा. वर तुमचा मसाला टाकून."



"माजो मसालो थंय पोचायचो?"

"पोचायचा. आम्हाला मागितला तर नखभर द्यायचा. लई चिकट."

त्या हसल्या. सुनीताला मसाल्याची बरणी आणायला लावली आणि चिमटीनं स्वतः मसाला टाकला. आम्ही टाकीकडे बघितलं. कावळे जागचे हलले नाहीत.

मग मला राहवलं नाही. म्हणालो, "काकी, त्या दिवशी तो मला सांगून गेला होता. माझं ठेव, येऊन खातो. मी ठेवलं होतं. ते तसंच राहिलं."

 काकींनी पान पुढ्यात ओढलं.

"आये, पान कावळ्याचां," सुनीता म्हणाली.

"कावळ्याचां न्हय. ह्यां तेचां ताट. मी खातंय."

पहिला घास हातातून सांडला. दुसरा पोटात गेला. सुनीतानं पाठीमागून त्यांना धरून ठेवलं. हळूहळू हात स्थिर झाले. मॅश संपल्यावर काकींनी पान बोटानं पुसून घेतलं.

पोस्टवर झाकून ठेवलेलं नाईक सुहास राऊळचं ताट त्या दुपारी रिकामं झालं.