भिंतीला टांगलेले ब्रेकचे पाइप

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण गंगाक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. पाणी भरायची माझी पाळीही तिनं घेतली, म्हणून मी शाळेत गेलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि पुढे फौजदार. नोकरीतली एक घटना मनातून जात नाही. ती मी आधी तिलाच कळवली होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. दुष्काळ होता. उदगीरकडच्या एका गावाला जुन्या पिकअपवरच्या टाकीतून पाणी येई. एका सकाळी ती गाडी उतारावर थांबली नाही, घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांत घुसली. एक बाई जागीच गेली. गावानं ड्रायव्हरला बेदम मारून आमच्या ताब्यात दिलं. जबाब देणाऱ्या सगळ्यांचं म्हणणं एकच : पिऊन होता. वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही, तरी जबाब बदलेनात.

पंचनाम्यात गाडीखालचा ब्रेकचा लोखंडी पाइप फुटलेला आढळला. टाकीचं पाणी वर सांडून सांडून तो गंजला होता.

"पाइप सडलाय, माहीत होतं?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"हाव साहेब." पुढे तो बोलेना.

दुसऱ्या दिवशी उदगीरचा एक मिस्त्री ठाण्यात आला. हातात नवे, वाकवून तयार केलेले पाइप.

"त्याच्याच गाडीचे हायती. मापानं करून भिंतीला टांगले व्हते. आदल्या दिशी येतो म्हनला, आलाच न्हाई."

का आला नाही? गाव सांगेना. सगळे एकच वाक्य बोलू लागले, की मी गप्प बसलेला माणूस शोधतो. इथे मृत बाईचा नवरा गप्प होता. त्याला ठाण्यात न बोलावता मी त्याच्या घरी गेलो आणि पाइप समोर ठेवले.

"हे आदल्या दिवशी बसणार होते."

त्यानं एक पाइप उचलून हातात घेतला.

"गाडी उदगीरला निघाली व्हती साहेब. मीच चाकाम्होरं आडवा पडलो. म्हनलं, आधी पानी आन, मग कुठं बी मर. समदे हासले. ही बी हासली."

ड्रायव्हरला विचारलं, हे का सांगितलं नाहीस?

"त्याची बायको गेली. त्याच्यावर आनखी काय घालू?"

नवऱ्याच्या साक्षीवर ड्रायव्हर कोर्टातून सुटला. गुन्हा एका माणसाच्या नावावर नोंदवता येतो; गावाच्या घाईला कलम नाही, हे मी तेव्हा शिकलो. नवऱ्याचा जबाब घेतला त्याच दिवशी कंधारला, गंगाक्काच्या सासरी, पत्र टाकलं होतं :

"ती. गंगाक्कास शि. सा. नमस्कार. तुमच्या गावची पाण्याची गाडी एखाद्या दिवशी दुरुस्तीला निघाली, तर जाऊ दे. गाव ओरडेल. तू ओरडू नकोस. तो दिवस अर्ध्या घागरीवर काढ. रांगेत तू सगळ्यांत पुढं उभी असतेस, मला माहीत आहे."