नऊ नंबरचे नवे बूट

ऑडिटरच्या उजव्या बुटाचा तळ सकाळी सव्वाअकरा वाजता सुटला. जागा: सीएनसी मशीन क्रमांक तीनच्या समोर. डावा तळ पाच मिनिटांनी, मशीन क्रमांक पाचपाशी सुटला. मधल्या पिवळ्या पट्ट्यावर काळा भुगा पडला होता. तो पट्टा आम्ही आदल्या संध्याकाळीच रंगवला होता.

ऑडिटरचं नाव साठे. ते पुण्याहून आले होते. बूट आमचे होते. ते मी विकत घेतले होते आणि सहा वर्षं मीच जपले होते.

मी बंगळुरात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. आम्ही व्हॉल्व्हचे पितळी भाग बनवतो. साठे आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरकडून आले होते. त्यांनी शंभरपैकी सत्तर गुण दिले तर दोन वर्षांची ऑर्डर मिळणार होती, नाही दिले तर ती कोइमतूरला जाणार होती. ऑर्डर गेली की आमची सेकंड शिफ्ट बंद, आणि त्या शिफ्टमध्ये नऊ माणसं होती. निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता.

ऑडिट होतं फाइव्ह-एसचं. ही जपानी पद्धत आहे. नको ते काढून टाका, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छता राखा, तिचे नियम ठरवा, आणि हे रोज करा. यातली पहिली पायरी रेड टॅगची. जी वस्तू वर्षभर वापरली नाही तिला लाल कार्ड बांधायचं, कार्डावर सही करायची आणि ती एका कोपऱ्यात ठेवायची. महिनाभरात कुणी मागितली नाही तर भंगारात.

लाल कार्डं मी बांधली. एकशे चाळीस. त्यात तुटके पट्टे होते, अर्धे नट-बोल्ट, जुने बूट, रिकाम्या डब्या. आठवड्याभरात कोपरा रिकामा झाला. भंगारवाल्याला अजून फोनही गेला नव्हता.

"छान," मालक म्हणाले. "काम इतकं लवकर होईल असं वाटलं नव्हतं."

मलाही वाटलं नव्हतं. आमचे तीस कामगार, मी आणि मालक यांच्यात एक गोष्ट समान आहे. मालक सोडून सगळे थोड्या पैशात वाढलेले आहेत. अशा माणसांसमोर बोल्टचा डबा ठेवून "हा नको आहे" असं कार्ड लावणं म्हणजे उपवासाच्या दिवशी घरात चिवडा तळणं. मी चौकशी केली नाही, कारण दहा कप्प्यांची इन्सर्टची एक डबी मीही घरी नेली होती. इन्सर्ट म्हणजे धातू कापायच्या छोट्या पात्या. त्या डबीत आता सुया आणि बटणं आहेत.

उरलेला माल कुठे गेला हे मला ऑडिटच्या आदल्या दिवशी कळलं. आमच्या स्टोअरमध्ये खंडेराव आहेत. वय अठ्ठावन्न. त्यांचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांपासून आहे, घरात मराठी आणि बाहेर कन्नड. वयाने मी लहान, तरी ते मला अक्का म्हणतात. सगळ्याच बायकांना म्हणतात. त्यांच्या रॅकच्या मागे बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते. ओळीने, छतापर्यंत.

"अण्णा, हे काय?"

"लागतं, अक्का."

"कधी?"

"ते आधी कळलं असतं तर ठेवलं कशाला असतं?"

उत्तर चुकीचं होतं. मी डब्यांसमोर पडदा लावायला सांगितला. पडदा एका जुन्या मशीन कव्हरचा होता. त्याच्यावर माझं लाल कार्ड होतं. ते मी काढून घेतलं.

आता बूट. शॉप फ्लोअरवर सेफ्टी शूजशिवाय कुणीही जायचं नाही. यांच्या पुढच्या भागात स्टीलची टोपी असते, पायावर जड वस्तू पडली तर बोटं वाचतात. पाहुण्यांसाठी आमच्याकडे सहा आणि सात नंबरचे दोन वापरलेले जोड रॅकवर असतात. शिवाय एक नऊ नंबरचा नवा जोड होता. तो घेतला तेव्हा मी म्हटलं होतं, हा मोठ्या पाहुण्यासाठी. सहा वर्षांत अनेक मोठे पाहुणे आले. दर वेळी मला वाटलं, याच्यापेक्षा मोठा कुणी येईल. नऊ नंबरवाले दोघे सात नंबरमध्ये पाय कोंबून फिरून गेले.

ही सवय घरची आहे. सोलापूरला आम्ही एका खोलीत पाच जण राहायचो. आईकडे फुलाफुलांचे सहा कप होते, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले की चहा स्टीलच्या पेल्यात. कप काढण्याच्या लायकीचा पाहुणा आमच्याकडे कधी आलाच नाही. जावई आले तेव्हाही आई म्हणाली, "घरचेच आहेत."

साठे आले तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, नवे काढा."

खंडेराव मागून हळूच म्हणाले, "अक्का, ते नको. त्यांना अजून चालायची सवय नाही."

मला तो विनोद वाटला. बूट बाहेर काढले तेव्हा ते चकाकत होते. साठ्यांनी घातले आणि म्हणाले, "वा, एकदम नवीन." पस्तीस मिनिटं ते खरं होतं.

घडलं ते असं. या बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिला की हवेतल्या ओलाव्याने तो आतून मोडतो. वरून काही दिसत नाही. पाय पडला की भुगा. बुटालाही आयुष्य असतं. ते खोक्यावर छापलेलं नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं. क्वालिटी मॅनेजर मी आहे.

साठे मोज्यांवर उभे राहिले. त्यांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, फ्लोअर अजून अर्धा राहिलाय. मोज्यांवर मी पुढे जाऊ शकत नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे."

"सर, दहा मिनिटं द्या," मालक म्हणाले.

मग त्यांनी फ्लोअरवर विचारलं, "नऊ नंबर आहे कुणाकडे?"

नऊ नंबर सेकंड शिफ्टच्या सोमण्णाकडे होता. तो दोन वाजता येतो. साठ्यांची गाडी एअरपोर्टला दोनला निघणार होती. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी भुग्याकडे बघितलं.

"स्वल्प थांबा," खंडेराव म्हणाले आणि गेले.

ते दोन मिनिटांत परतले. हातात जुना जोड होता. स्टीलची टोपी शाबूत, तळ टायरच्या रबराचा, कडेने जाड दोऱ्याची शिलाई. नाडीला लाल कार्ड. नंबर दहा.

"मोठा आहे," साठे म्हणाले.

"सरी," खंडेराव म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये "बरं". त्यांनी खिशातून एक कागद काढला, घडी घातली आणि बुटाच्या टोकात कोंबला. "आम्ही चार भाऊ, साहेब. बूट एक. ज्याची मुलाखत त्याचा बूट. मी धाकटा. माझ्या वेळी कागद जास्त लागायचा."

"नोकरी लागली?"

"चौघांनाही. बूट चांगला होता."

कागद म्हणजे आमचंच गेल्या वर्षीचं पोस्टर होतं: अनावश्यक वस्तू तात्काळ काढून टाका.

साठे नाडी बांधायला वाकले आणि त्यांनी कार्ड वाचलं. "निरुपयोगी. विल्हेवाट लावावी." ते उभे राहिले. "सही कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"हा जोड भंगारात असायला हवा होता."

"हो."

"मग आता कुठून आला?"

यावर खोटं बोलता आलं असतं. पण ऑडिटर माझ्या भंगारात उभा होता. मी म्हणाले, "स्टोअरमधून. चला, दाखवते."

मालकांनी डोळे मिटले.

खंडेरावांनी पडदा बाजूला केला. साठ्यांनी दोन-तीन डबे फिरवून बघितले. एकाही डब्यावर लेबल नव्हतं. फाइव्ह-एसमध्ये एक चाचणी असते: कोणतीही वस्तू तीस सेकंदांत सापडली पाहिजे. साठ्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

"सहा एमएमचा अ‍ॅलन बोल्ट."

खंडेरावांनी न बघता तिसऱ्या ओळीतला डबा ओढला. सात सेकंद.

"ओ-रिंग. बावीसची."

पाच सेकंद.

"सर्क्लिप." सर्क्लिप म्हणजे शाफ्ट जागेवर धरणारी कडी.

"आतला का बाहेरचा?"

साठ्यांनी स्टॉपवॉच बंद केलं. "हे कुठे लिहिलंय?"

खंडेरावांनी कपाळाला बोट लावलं.

"आणि तुम्ही उद्या आला नाहीत तर?"

"येतो की."

"आजारी पडलात तर?"

"मग फोन करतात. मी सांगतो, मागून चौथा डबा, मारी बिस्किटाचा."

"अहो, आणि फोन लागला नाही तर?"

खंडेरावांनी विचार केला. "तेव्हा बायको येते. तिला माहीत आहे. घरी पण असंच लावलंय. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, साहेब. वस्तू जागेवर नसली तर माणसाला झोपायला जागा नसते."

साठ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला दिसलं नाही. मग ते त्याच बुटांत उरलेला अर्धा फ्लोअर फिरले.

निकाल संध्याकाळी मेलवर आला. बहात्तर. ऑर्डर मिळाली, सेकंड शिफ्ट राहिली. सोबत दोन त्रुटी होत्या. पहिली: स्टोअरची यादी एका व्यक्तीच्या डोक्यात आहे, ती कागदावर आणावी. दुसरी: सेफ्टी शूजची मुदत तपासण्याची पद्धत नाही, जबाबदार व्यक्ती क्वालिटी मॅनेजर. म्हणजे भंगार लपवणाऱ्याच्या नावावर एक आणि नवे बूट जपणारीच्या नावावर एक. गुण माझ्या त्रुटीचे जास्त कापले होते.

खंडेरावांना यादी लिहायला तीन आठवडे लागले. यादीत "उपयोग" असा रकाना होता. पहिल्या एकशे अडतीस ओळींत त्यांनी "लागेल" लिहिलं. शेवटच्या ओळीत, दहा नंबरच्या बुटांसमोर, "लागले" लिहिलं.

थोड्या पैशात वाढलेल्या माणसाला दोन सवयी लागतात. जुनं टाकायचं नाही आणि नवं वापरायचं नाही. मी या दोन्हींना एकच सवय समजत होते आणि तिला काटकसर म्हणत होते. पहिलीने आमचे नऊ जण वाचले. दुसरीने ते जवळजवळ घालवले होते.

सोलापूरला फोन करून मी आईला कप काढायला सांगितलं. ती म्हणाली, "तू ये, मग काढते." मी गेले. चहा पेल्यात मिळाला.

पाहुण्यांसाठी नऊ नंबरचा नवा जोड घेतला. चौथ्या दिवशी स्टोअरमध्ये गेले तर तो खंडेरावांच्या पायात. त्यांचा नंबर सात. टोकात कागद होता.

"अण्णा, हे पाहुण्यांचे आहेत."

"हो, अक्का. रोज सकाळी अर्धा तास चालवतो. पाहुणा येईपर्यंत त्यांची चाल मोडायला नको."

मी रजिस्टरमध्ये त्याची नोंद केली: प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, दररोज, जबाबदार व्यक्ती खंडेराव. पुढच्या ऑडिटला त्यावर कुणी शंका घेतली नाही.