मनाची गोळी

चेन्नईत तिरुवल्लिकेणी भागातल्या मॅन्शनमध्ये, म्हणजे नोकरदार पोरांच्या लॉजमध्ये, तो माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. सांगलीचा, गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. काही विचारलं की उत्तर पाण्याखालून वर यावं तसं सावकाश यायचं, आणि तेही तमिळमध्ये, "परवाइल्लै", म्हणजे चाललंय. सुट्टीभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आम्ही मराठी पोरं म्हणायचो, पित्त झालंय. दुसरा शब्द काढायची आम्हाला भीती वाटायची.

एका रविवारी संध्याकाळी त्याला मरीनावर नेलं. समुद्र आणि आभाळ एकाच राखी रंगात विरघळले होते. आईचा फोन आला. वाऱ्यामुळे त्यानं स्पीकर लावला.

"आई, मला डिप्रेशन आहे. मनाच्या डॉक्टरकडे जातोय. गोळ्या चालू केल्यात."

आता ती 'कुणाला सांगू नकोस' म्हणणार, या धास्तीनं मी तोंड फिरवलं.

"गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?" आईनं विचारलं.

"नंतर."

"मग आज काय जेवणारेस?"

तो ओल्या वाळूत बसला आणि रडत रडत तिला सांगू लागला.