समुद्राला दिलेला डाग

मुहर्रक बेटावरच्या सबीकाने समुद्राशी अबोला धरला होता. बेटावर जन्म काढायचा आणि समुद्राशी बोलायचं नाही, म्हणजे एका घरात राहून जावेशी न बोलण्यासारखंच. पण तिने लहानपणी धरलेला हा अबोला म्हातारपणापर्यंत निभावला. पलीकडच्या मनामा शहरात जाताना समुद्रावरचा पूल आला की ती डोळे मिटून घेई. घरात मासळी शिजे, तीही तिच्याच हातची, पण तिच्या ताटात ती कधी नसे. नवरा होता तोवर म्हणायचा, "समुद्राचं स्वतः खात नाही, मला मात्र पोटभर वाढते. भांडण तिचं आणि जीव माझा."

त्या सप्टेंबरात घरातल्या विजेच्या जुन्या तारा बदलायला काढल्या. मुलगा जाबिर म्हणाला, "यम्मा, काम होईपर्यंत हॉटेलात राहू. पाण्याकाठचं आहे, झकास."

"पाण्याकाठचंच का?"

"मग वाळवंटातलं घेऊ? या दिवसांत तिकडे उंटसुद्धा थांबत नाहीत."

ती आली. येताना काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन आली, कारण हॉटेलवाल्यांना काहवा जमतो यावर तिचा विश्वास नव्हता. पायांखाली गालिचा इतका मऊ, की ती म्हणाली, "यात पाऊल टाकायचं की पेरायचं?" खोलीत गेल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती खुर्ची फिरवण्याची. खिडकीकडे पाठ. न्हाणीघरात मलमाच्या छोट्या बाटल्या होत्या, त्या उचलून पिशवीत टाकल्या. साफसफाईला येणारी सुजीवा रोज नव्या ठेवी, सबीका रोज त्या उचली.

"यम्मा, लोक काय म्हणतील?" जाबिर म्हणे.

"म्हणतील, म्हातारीची कातडी कोरडी आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीच्या पडद्याची दोरी हलली. उगाच नव्हे. एक झटका, मग थोडं थांबून आणखी एक. दोरीच्या टोकाचा मणी काचेवर टकटकला. सबीकाने मान वळवली आणि न बघायचं ते बघितलं. पडदा अर्धवट सरकलेला होता. पलीकडे त्यांच्या जुन्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा मिनार आणि त्याला चिकटून किल्ल्याचा बुरूज, एकाच रेषेत. ही खूण तिला बापाने शिकवली होती. मिनार आणि बुरूज असे जुळले, की समजायचं, नांगर टाकायची जागा आली.

म्हणजे हे काठावरचं हॉटेल नव्हतंच. ही भर घालून बुजवलेली खाडी होती. जिथे तिची खुर्ची होती, तिथेच होड्या उभ्या राहायच्या. तिचा थोरला भाऊ घानिम मोती काढायला गेला, तो इथूनच.

उन्हाळा संपत आला की मोहल्ल्यातल्या बायका किनाऱ्यावर जमत. खजुराच्या झावळ्या पेटवून समुद्रात विझवत, त्याला डाग देत. "तोबा कर, समुद्रा, तोबा कर, आमची माणसं परत दे," असं त्याला दटावत. पण त्याला दिवस ठरलेला असे. होड्या परतीला लागायच्या बेताला, त्याच्या आधी नाही. घानिम गेला त्या वर्षी आईला धीर निघाला नाही. मोहरम गेला, उकाडा वाढला, आणि ती कुणाला न सांगता एकटीच निघाली. निखाऱ्यांचं भांडं चिमुकल्या सबीकाच्या हातात दिलं. झावळी पाण्यात गेली तेव्हा असा चर्र आवाज झाला, की सबीका दोन पावलं मागे सरली.

होड्या आल्या. घानिम आला नाही. वर होडीत बसून त्याची दोरी धरणारा, बुडी मारलेल्याने झटका दिला की त्याला ओढून घेणारा माणूस म्हणाला, "झटका आला, मी ओढली. रिकामी आली."

आई तेवढंच बोलली, "आपण घाई केली. पोळलं त्याला. त्याने डूख धरला." नंतर तिने घानिमच्या नावाची नमाज होऊ दिली नाही. दूर मेलेल्यासाठी पढतात ती. आई गेली, तरी सबीकाने होऊ दिली नाही. नमाज झाली असती तर तो मेला असता.

हॉटेलात आता रोज दुपारी पडद्याच्या दोरीला झटका येई. गालिच्यावर खिडकीखाली हाताएवढा ओलावा दिसे. सुजीवा गुडघे टेकून तो पुसत म्हणाली, "आजी, हे एसीचं पाणी असेल. हवेने दोरी हलत असेल."

"चाखून बघ," सबीका म्हणाली.

सुजीवाने बोट जिभेला लावलं, खारट लागलं तशी घाईने फडकं पिळलं. दुसऱ्या दिवशी ती खिडकीकडे न बघता पसारा आवरून गेली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सबीका म्हणाली, "जाबिर, मला खाली ने. पाण्याजवळ."

जाबिर हातातला फोन खाली ठेवून बघतच राहिला. "कुठल्या पाण्याजवळ?"

"इथे काय दहा समुद्र आहेत?"

हॉटेलच्या मागे दगडांचा बांध होता. पहारेकऱ्याने हटकलं, "आजी, पुढे जाऊ नका, निसरडं आहे." तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तोच बाजूला झाला. जाबिरला वाटलं, आता ही झावळी मागणार, काडी मागणार, आणि आपल्याला दंड भरावा लागणार. तिने पिशवीतून बाटल्या काढल्या. सगळ्या. एकेक झाकण फिरवून तिने ते पांढरं मलम पाण्यात ओतलं.

"यम्मा, हे काय करतेस?"

"भाजलेल्यावर काय लावतात?"

जाबिरने तिचा हात धरला. भाजण्याची गोष्ट त्याने लहानपणी एकदा ऐकली होती, नंतर कुणी काढली नव्हती.

ती वाकली. पाण्याला बोट लावलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आम्ही तुला तोबा कर म्हणत आलो," ती हळूच म्हणाली. "आज मी करते. लहान होते मी, निखारे माझ्या हातात होते. आई आता नाही. माझंही काय राहिलंय? आमचं माणूस आता परत मागत नाही. पण त्याला असं मधेच धरून ठेवू नकोस. वर नाही, खाली नाही."

पाणी दगडांना लागून मागे सरलं. मलमाचा तवंग थोडा वेळ तिथेच राहिला.

खोलीत आल्यावर तिने जाबिरला सांगितलं, "तुझ्या मामाची नमाज पढ."

"आता?"

"आता. विचारत बसलास तर माझा धीर सुटेल."

त्याने पढली. ती मागे बसून ओठ हलवत होती. घानिमचं नाव आलं तेव्हा तिचे ओठ थांबले, मग पुन्हा हलले.

दुसऱ्या दिवशी निघायची वेळ दुपारचीच होती. जाबिर सामान खाली न्यायला गेला. गालिचा कोरडा होता. सबीकाने तळवा टेकवून खात्री केली, थोडा जास्तच वेळ. मग खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि पडद्याची दोरी हातात घेतली.

जाबिर वर आला तेव्हा ती तशीच बसली होती. "यम्मा, चल. गाडी आलीय."

"थांब जरा," ती म्हणाली. "मीच जा म्हटलं त्याला, माहितेय मला. तरी एकदा बघते."

दोरी तिच्या मुठीत सैल होती. खालून कुणी ओढत नव्हतं. तिने ती सोडली नाही.