दुसऱ्या भागातला शत्रू

माझी लेक सई सुटीत घरी आली की आम्ही दोघं मारामारीचा व्हिडिओ गेम खेळतो. पहिल्या भागात मी खांबामागे लपायचो. शत्रू थोडं शोधून माघारी फिरत आणि मी त्यांना पाठीमागून गाठायचो. काल दुसरा भाग लावला. मी खांब गाठला, तर शत्रू वळसा घालून माझ्याच मागे उभा.

"बाबा, पळा! ह्यांना तुमची युक्ती कळते."

"कुणी शिकवली?" मी ओरडलो.

"तुम्हीच. एकच डाव किती वेळा टाकाल?"

ती हसली. दुसरा भाग सरस आहे, हे खरंच. पहिला जिंकताना मी स्वतःला हुशार समजत होतो. शत्रू विसराळू होते, एवढंच.

हळदीच्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. मध्येच हात झटकून उठायचं आणि समोरच्याच्या हाकेची वाट पाहायची, या डावावर मी शून्यातून पेढी उभारली. तो मीच माझ्या हाताखालच्या विलासला शिकवला, आणि तो कृतघ्न समोरच्या पेढीवर गेला. उद्या रुमालाखाली पहिल्यांदाच त्याचा हात असेल. मी उठेन, पायऱ्या उतरेन, आणि तो हाक मारणार नाही. मग परत कसं वळायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.